जाऊ दसऱ्यानंतर ऊसतोडीला निघणार, डॉक्टर म्हणतात पिशवी काढा. काय करावं?

वडवणीची सून
धाकटी जाऊ २७ वर्षांची. दोन लेकरं, धाकटं अजून अंगावर पितंय. मुकादमाची उचल घेतलीय, दसरा झाला की नवराबायकोचा कोयता (तोडणीची जोडी) सांगलीकडं निघणार. वर्षभरापासून तिच्या अंगावरून पांढरं जातंय, कंबर दुखती. खाजगीत सोनोग्राफी केली तर म्हणाले, पिशवीला सूज आहे, काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. सासूबाई म्हणतात, लेकरं झालीत, काढलेली बरी, पाळीपायी खाडा तरी पडणार नाही. ऑपरेशनला पैसे उसने काढायचं चाललंय. मला काही पटंना. आणि नाही काढली, तर तिसरं राहू नये म्हणून काय करावं? तांबीला ती भेती.

तोडकऱ्याची पोर
माझ्या आईची तिशीच्या आतच काढली. आता पन्नाशी गाठली नाही तर हाडं ठणकतात, अंगाची आग होते, मोळी डोक्यावर घेववत नाही. ऑपरेशनचं कर्ज फेडायला परत फडातच गेली. थांबवा तिला.

आशाताई, केज
ताई, आधी उसने पैसे परत करा, मग बाकीचं.

आपल्या बीड जिल्ह्यात हे जुनं दुखणं आहे. २०१९ मध्ये सरकारनं नेमलेल्या नीलम गोऱ्हे यांच्या समितीसमोर आकडे आले. ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. असं पांढरं जाणं हे बऱ्याचदा इन्फेक्शन असतं आणि ते गोळ्यांनी बरं होतं. दह्यासारखं जाऊन खाज येते का, का पिवळं-हिरवं जाऊन वास येतो, हे लाजू नका, डॉक्टरला नीट सांगा. औषध त्यावर ठरतं. काही इन्फेक्शनला नवऱ्यालाही गोळ्या घ्याव्या लागतात, नाहीतर बायको बरी होते आणि महिन्याने पुन्हा तेच. कॅन्सरची भीती घातलीय तर उपजिल्हा रुग्णालयात पिशवीचं तोंड तपासून घ्या. अंडाशयं पण काढली तर तोडकऱ्याच्या पोरीने सांगितलं तेच होतं.

इन्फेक्शन जाईपर्यंत तांबी बसवतच नाहीत, त्यामुळे तो वाद आत्ता नको. सरकारी दवाखान्यात मूल न राहण्याची 'छाया' गोळी फुकट मिळते. तिच्यात हार्मोन नाही, दूध पाजणारीला चालते. पाळीच्या पहिल्या दिवशी पहिली गोळी, मग तीन महिने आठवड्यातून दोनदा, वार ठरवून. पुढं आठवड्याला एकच. आमच्या बायका बाजाराचा वार धरतात, चुकत नाही. पाळी थोडी लांबते, रक्त कमी जातं. कावीळ होऊन गेली असेल किंवा अंडाशयात गाठी असतील तर मात्र आधी डॉक्टरला विचारा.

आणि खोपीवरचं बोलायला पाहिजे. फडात आडोसा नसतो, पाणी टँकरचं. बायका पाळीच्या कापडाची घडी धुऊन साडीखाली वाळत घालतात, ती ओली ती ओलीच राहते, तीच परत घेतात. पांढरं जाण्याचं एक कारण तिथंच आहे. घडी सुतीच घ्या, साबणानं धुऊन खडखडीत उन्हात टाका. कुणी बघितलं तर बघू द्या, ऊस तोडताना लाज नाही वाटत ती यातच कशाला? पॅड असेल तर सहा तासांनी बदला. पाळीच्या कपचं आजकाल लई ऐकते मी, पण हात धुवायला पाणी नाही तिथं तो मी कुणाला सुचवत नाही.

धारूरवाला
ताई, तीन महिन्याचं इंजेक्शन पण असतं ना? आमच्याकडं म्हणतात पाळी बंद होऊन रक्त पोटात साठतं.

आशाताई, केज
'अंतरा'. भाऊ, साठत नाही. पिशवीचं अस्तरच जाड होत नाही, मग जाणार काय? पण सुरुवातीला अधूनमधून डाग लागतात, फडात त्याचाच ताप होतो, म्हणून मी छाया म्हणाले. तिसरं नकोच असेल तर नवऱ्याची नसबंदी सगळ्यात सोपी. बिनटाक्याची असते. कोयता धरायची ताकद जाते हे कुणी उठवलं, देव जाणे. माझ्या गावात एवढं बोलले की पुरुष चहा न पिताच उठतात.

वडवणीची सून
काल सरकारी दवाखान्यात नेलं. इन्फेक्शनच निघालं, दोघांनाही गोळ्या दिल्या. हिमोग्लोबिन ८.४. सासूबाई गप आहेत. पाळी आली की छाया सुरू करते म्हणाली. पण सहा महिने तिकडं गोळ्या कुठून आणायच्या?

आशाताई, केज
एका पाकिटात ८ गोळ्या. सहा महिन्याला ४० लागतात, म्हणजे पाच पाकिटं. तुमच्या आशाकडून निघायच्या आधीच मागून घ्या, रक्तवाढीच्या गोळ्यासुद्धा. त्या चहाबरोबर घेऊ नका म्हणावं. पहिली गोळी सुरू होईपर्यंत निरोध वापरा, तोही फुकटच आहे.