पाय धुण्याच्या विधीनंतर पुढे काय? घरोघरी जाऊन सेवा नेमकी कशी करावी (ठाणे, कळवा, नवी मुंबई)

कळवा_तरुणसंघ

सलाम. आमची मराठी मंडळी (चर्च) कळव्याची. पवित्र गुरुवारी पाय धुण्याचा विधी होतो आणि मग वर्षभर त्याचं कुणी नाव काढत नाही, असं यंदा तरुण संघाच्या बैठकीत बोलणं निघालं. येशूने शिष्यांचे पाय धुतले तो बायबलमधला भाग, योहान १३, नुसता वाचायचा नाही, करायचा, असं ठरलं आहे. आम्ही दहा जण, बहुतेक नोकरदार. शनिवारी दुपारी दोन तास मिळतात. कळवा, खारेगाव आणि विटाव्यात अंथरुणाला खिळलेले किंवा एकटे राहणारे आठ वृद्ध आहेत. पाच मंडळीतले, तीन शेजारपाजारचे, ख्रिस्ती नसलेले.

जाऊन नेमकं करायचं काय? निम्म्यांना मधुमेह आहे, त्यांचे पाय धुतले, नखं कापली तर चालेल का? ख्रिस्ती नसलेल्या घरी प्रार्थना करावी का? आणि फोटो मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले तर आणखी लोक जोडले जातील, असं काहींचं म्हणणं आहे. जाणकारांनी सविस्तर सांगावं. गप्पा मारून, केळी देऊन परत यायचं, एवढंच करायचं नाहीये.

सिस्टर_ऐरोली

सलाम. पायांपासूनच सुरू करते, कारण चांगल्या मनाने केलेलं नुकसान तिथेच जास्त होतं.

जुन्या मधुमेहात पायांना गरम-थंड नीट कळत नाही. पाणी चटका देणारं असलं तरी आजी “बरं वाटतंय” म्हणतील आणि संध्याकाळी फोड दिसेल. म्हणून पाणी त्यांना विचारून ठरवू नका, आपलं कोपर बुडवून बघा. कोपराला कोमटच लागलं पाहिजे. पाण्यात मीठ किंवा जंतुनाशक घालू नका, साधा साबण पुरे. पाय भिजत ठेवायचे नाहीत, चार-पाच मिनिटांत धुऊन बाहेर काढा. फार भिजले की कातडी मऊ पडते आणि वाळल्यावर तिला भेगा जातात. मऊ पंचाने टिपा, घासू नका. मग बोटांच्या बेचक्या एकेक करून कोरड्या करा. इथेच घाई होते, आणि ओल राहिली की चिखल्या होतात. टाचांना आणि तळव्यांना खोबरेल किंवा व्हॅसलिन लावा, बेचक्यांत अजिबात नाही. पंचा ज्याच्या त्याच्या घरचा. एकच टॉवेल पिशवीत घालून घरोघर फिरवला तर एकाची बुरशी दुसऱ्याला जाते.

नखांचं असं, की मधुमेह नाही, रक्त पातळ करणारी गोळी चालू नाही आणि नख साधं आहे, तरच नेलकटरने सरळ रेषेत कापा, कोपऱ्यात खोल शिरू नका. मधुमेह असेल किंवा नख जाड, आत वळलेलं असेल तर हात लावू नका, ते काम डॉक्टरांकडचं. कुरुपाला ब्लेड नाही आणि दुकानात मिळणाऱ्या पट्ट्याही नाहीत. त्यातलं आम्ल शेजारची चांगली कातडी जाळतं.

धुण्याइतकंच महत्त्वाचं म्हणजे बघणं. वाकता येत नाही, त्यामुळे म्हाताऱ्या माणसाला स्वतःचा तळवा महिनोन् महिने दिसत नाही. मोबाइलचा टॉर्च लावून टाच, अंगठ्याखालचा भाग, बेचक्या बघा. फोड, चीर, काळपट डाग, ओलसर जागा, वास, किंवा एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम लागणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी घरच्यांना सांगून डॉक्टरकडे पाठवा. पुढच्या शनिवारची वाट बघत बसलं तर बोट जाऊ शकतं.

आता अंथरुणावरचे रुग्ण. माकडहाड, टाचा, खुबे आणि खांद्याची पाती बघा. लाल जागा दिसली तर बोटाने हलकेच दाबून सोडा. पांढरी पडून पुन्हा लाल झाली तर अजून वेळ आहे. दाबूनही लालच राहिली तर बेडसोअरची (पडून राहिल्याने दाबाने होणाऱ्या जखमेची) सुरुवात झाली. (सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसत नाही, तिथे गरम, कडक किंवा दुखरी जागा शोधा.) त्या जागेवर मालीश करू नका, आतलं मांस आणखी फाटतं. रबरी रिंगही नको. तिच्या कडेचा दाब पडून भोवतालचा रक्तपुरवठा तुटतो. दर दोन तासांनी कूस बदलायची: पूर्ण कुशीवर न वळवता पाठीमागे उशी देऊन थोडं कलतं, आणि पोटऱ्यांखाली उशी, म्हणजे टाचा गादीला टेकत नाहीत.

रुग्णाला वर सरकवायचं तर काखेत हात घालून ओढू नका. खांदा निखळतो आणि पाठीची कातडी गादीवर घासून सोलते. चादरीची दुहेरी घडी खांद्यापासून मांड्यांपर्यंत अंगाखाली घाला. दोघांनी दोन्ही बाजूंनी चादर गुंडाळत हात अंगाजवळ आणायचे, गुडघे वाकवायचे आणि “एक, दोन, तीन” म्हणून एकदमच उचलून सरकवायचं. कॅथेटर (लघवीची नळी) असेल तर उचलण्याआधी नळी कुठे आहे बघा. पिशवी कायम कमरेच्या खाली, पण जमिनीला टेकलेली नको.

भरवताना रुग्ण बसता हवा आणि जेवणानंतर अर्धा तास तसाच ठेवा. छोटा चमचा, गिळल्यावरच पुढचा घास. अर्धांगवायू झालेल्यांना भातापेक्षा पाण्याचाच ठसका जास्त लागतो, हे नवख्यांना ठाऊक नसतं. ठसका लागला, आवाज घोगरा झाला की थांबा. घरात शिरल्यावर आणि निघताना साबणाने ४० ते ६० सेकंद हात धुवा. औषधाच्या डब्याला हात लावू नका, कितीही आग्रह झाला तरी.

सेवक_नौपाडा

सिस्टरांनी हातांचं सांगितलं, मी माणसांचं सांगतो.

दहा जण एका घरी जाऊ नका. विटाव्याच्या दहा बाय बाराच्या खोलीत सहा तरुण शिरले की आजीला पदर सावरून बसावं लागतं आणि सुनेला आठ कप चहा. दोघादोघांच्या पाच जोड्या करा, एका जोडीकडे फार तर दोन घरं. जोडी बदलायची नाही. अंघोळ घालणं, कपडे बदलणं यासाठी बाईकडे बाई, पुरुषाकडे पुरुष. वेळ ठरलेली हवी: शनिवारी चार म्हणजे चार. म्हातारं माणूस दोन वाजल्यापासून दाराकडे बघत असतं. यायला जमणार नसेल तर आदल्या दिवशी फोन करा. महिनाभर उत्साहाने येऊन मग गायब होण्यापेक्षा पंधरवड्यातून एकदा, पण वर्षभर, हे कितीतरी चांगलं. पावसाळ्यात आणि परीक्षांच्या दिवसांत काय करणार, ते आधीच ठरवून ठेवा, बहुतेक गट तिथेच मोडतात.

पहिल्या भेटीत काहीही करू नका, फक्त विचारा: “आठवड्यात तुमचं कोणतं काम अडून राहतं?” उत्तर बहुधा आपल्या कल्पनेतलं नसतं. माळ्यावरचा डबा काढणं, गॅसचा नंबर लावणं, हयातीचा दाखला, चष्म्याची काडी. आणि त्यांच्या हातून होणारं काम त्यांच्याकडेच राहू द्या. आजींना शेंगा सोलता येत असतील तर त्यांनी सोलाव्यात, तुम्ही शेजारी बसा. केडगावच्या मुक्ती सदनात पंडिता रमाबाईंनी दुष्काळातल्या मुलींना जेवू घातलंच, शिवाय छपाई, विणकाम, शेतीही शिकवली. नुसतं घेत राहावं लागणं माणसाला आतून खचवतं.

प्रार्थनेबद्दल माझं मत ठाम आहे. ख्रिस्ती नसलेल्या घरात त्यांनी मागितल्याशिवाय प्रार्थना नको, पत्रक नको, नवा करार उशाशी ठेवून येणं नको. अंथरुणातला माणूस उठून जाऊ शकत नाही आणि तुमच्या मदतीवर अवलंबून आहे, म्हणून त्याचा होकार मोकळा नसतो. वाटेत पडलेल्या जखमी परक्याला मदत करणाऱ्या शोमरोन्याच्या दाखल्यात (लूक १०) त्या जखमी माणसाचा धर्म विचारलेला नाही आणि त्याला काही ऐकवलेलंही नाही. जखमांवर तेल आणि द्राक्षारस, पट्ट्या, स्वतःचं जनावर, उतारशाळा, दोन दीनार, आणि परतताना पुन्हा येण्याचं वचन. एवढंच आहे. मंडळीतल्या घरांतही आधी विचारा. बायबलमधलं एखादं स्तोत्र, २३ वं किंवा १२१ वं, सावकाश आणि मोठ्याने वाचा, दोन मिनिटांची प्रार्थना पुरे. प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा विधी) हवं असेल तर पास्टरांना कळवा.

फोटो नकोत. मत्तय ६ मध्ये दान करताना उजवा हात काय करतो ते डाव्या हाताला कळू देऊ नका म्हटलंय, आणि ग्रुपवर तर शंभर डावे हात असतात. लोक जोडायचे असतील तर रविवारी भक्तीनंतर फक्त इतकं सांगा की दोन जोड्या कमी पडताहेत. नोंद मात्र ठेवा. एका वहीत तारीख, काय केलं, काय दिसलं, घरच्यांना काय सांगितलं. वही एकाकडेच राहील आणि घरांतल्या गोष्टी त्या वहीबाहेर जाणार नाहीत. प्रार्थनेची विनंती म्हणूनही नाही. आजारपणाच्या बातम्या मंडळीत अशाच पसरतात.

पैशाचा नियम सगळ्यांना लेखी द्या: एटीएमचा पिन, ओटीपी, पासबुक, किल्ल्या काहीही घ्यायचं नाही. औषध आणून दिलं तर बिल आणि सुटे पैसे एका पाकिटात घालून घरच्यांसमोर मोजून द्यायचे. मारहाण, उपासमार किंवा कोंडून ठेवल्याचं दिसलं तर स्वतः भांडायला जाऊ नका. पास्टरांशी बोला आणि ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या हेल्पलाइनवर कळवा, ती सकाळी ८ ते रात्री ८ चालू असते. जीवाला धोका असेल तर थेट ११२.

खारघर_से१२

थोडं वेगळं सुचवतो. दहापैकी ज्यांचा हात आजारी माणसाला हाताळताना अवघडतो, त्यांनाही काम आहे. खारघर सेक्टर २२ मध्ये टाटाचं ॲक्ट्रेक, म्हणजे कॅन्सरवरचं उपचार आणि संशोधन केंद्र आहे. तिथे बाहेरगावचे रुग्ण आणि नातेवाईक भाड्याच्या खोल्यांत महिनोन् महिने राहतात.

एक म्हणजे प्लेटलेट्सचं (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशींचं) दान. केमोनंतर त्या झपाट्याने उतरतात आणि पिशवी पाचच दिवस टिकते, म्हणून साठा करून ठेवता येत नाही, माणूसच तयार लागतो. यंत्रावर साधारण दीड-दोन तास जातात. दोन वेळांमध्ये किमान ४८ तास, आठवड्यात दोनदाच, वर्षात २४ वेळा ही मर्यादा. आधीचे तीन दिवस ॲस्पिरिन घेतलेली चालत नाही. रक्तपेढीत आधी नाव, रक्तगट देऊन तपासणी करून घ्या, म्हणजे रात्री फोन आला तर धावपळ होत नाही.

दुसरं म्हणजे सोबत. परळच्या टाटाला तपासणी असली की नवख्या माणसाला कुर्ल्याला उतरून सेंट्रलची स्लो पकडणं जड जातं, त्यात रविवारी हार्बरला मेगाब्लॉक. लोकलच्या दिव्यांगांच्या डब्यात कॅन्सरच्या रुग्णांना बसता येतं, हेही अनेकांना माहीत नसतं.

जेवण द्यायचं तर आधी विचारा. पांढऱ्या पेशी कमी असलेल्यांना कोशिंबीर, चिरून ठेवलेली फळं, हार-फुलं चालत नाहीत. ताजं शिजवलेलं, गरम, झाकलेलं द्या. सर्दी असेल त्याने दारातूनही जाऊ नये.

कळवा_तरुणसंघ

मनापासून आभार. जोड्या आणि वहीचं आजच ठरवतो. एक अडचण उरली. खारेगावचे एक आजोबा कुणाला हात लावू देत नाहीत, आरडाओरडा करतात. सूनबाई एकट्याच सगळं करतात, पार थकल्या आहेत. आजोबांचं मन कसं वळवायचं?

सिस्टर_ऐरोली

मन वळवायला जाऊच नका. येशूचा शिष्य पेत्र यानेही आधी “तू माझे पाय कधीच धुणार नाहीस” असं येशूला म्हटलं होतं. दुसऱ्याकडून सेवा करून घेणं भल्याभल्यांना अवघड जातं. ज्या माणसाने आयुष्यभर घर चालवलं त्याला परक्या पोराकडून लंगोट बदलून घेणं म्हणजे काय, याचा विचार करा. अचानक चिडचिड वाढली असेल तर मात्र लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता किंवा दुखणं आहे का, हे डॉक्टरांनी बघायला हवं. तेवढं सूनबाईंना सांगा.

त्या घरी तुमची सेवा सूनबाईंची. शनिवारी चार ते सहा तुमची जोडी आजोबांच्या खोलीत नुसती बसेल, पेपर वाचेल, ते बोलले तर ऐकेल, आणि त्या दोन तास बाहेर जातील. कुठे जाता म्हणून विचारू नका. त्या निघण्यापूर्वी चार गोष्टी कागदावर लिहून घ्या: त्यांचा फोन नंबर, आजोबांना पाणी कसं आणि किती द्यायचं, कशाची ॲलर्जी आहे, आणि फॅमिली डॉक्टरांचा नंबर. तातडी आली तर १०८. औषधाची वेळ त्या दोन तासांत येत असेल तर गोळी त्यांनीच आधी किंवा नंतर द्यावी, तसं डॉक्टरांना विचारून घ्यायला सांगा. पहिल्या वेळी त्या अर्ध्या तासात परत येतील, जीव घरात अडकलेला असतो. आल्यावर आजोबा कसे होते ते खरं सांगा, ओरडले असतील तर ओरडले म्हणा.