जबडा, 'कट्' आवाज आणि कायरोप्रॅक्टर: तुमचे अनुभव सांगा

दिवाळीत कडक चकली चावली आणि उजव्या कानापुढे 'कट्' झालं. तेव्हापासून तोंड उघडताना जबडा आधी उजवीकडे जातो, कट् वाजतो, मग सरळ होतो. सकाळी तर उभी दोन बोटंही जेमतेम मावतात. डेंटिस्टने रात्री दातांवर बसवायचा गार्ड दिलाय. इथे न्यू जर्सीत एडिसनमध्ये ऑफिसातले लोक म्हणतात, कायरोप्रॅक्टरकडे जा, म्हणजे हाताने मणके-सांधे बसवणाऱ्याकडे. मला मान मोडून घ्यायची भीती वाटते. कोणी गेलंय का?

डॅलसकर
मी गेलोय, आठ वेळा. पहिल्या खेपेला त्याने फक्त प्रश्न विचारले. दुसऱ्या खेपेला हातमोजा घालून बोट वरच्या दाढेच्या मागे घातलं आणि आतला स्नायू दाबला. डोळ्यांतून घळाघळा पाणी! पण घरी येऊन पोळी नीट चावता आली. महिन्याभरात दुखणं गेलं, आवाज मात्र तसाच. दुखत नसेल तर वाजू दे, म्हणाला. एवढं सगळं चांगलं, पण काउंटरवर चोवीस भेटींचं पॅकेज आगाऊ गळ्यात मारायला बघत होते. घेऊ नका.

पेठेतली
माझा कान दुखायचा. कानाचे डॉक्टर झाले, ऐकण्याची तपासणी झाली, सगळं नॉर्मल. शेवटी नवऱ्याने रात्री माझा आवाज रेकॉर्ड केला, मी झोपेत करकरा दात खात होते. सासूबाईंचं निदान तयारच होतं: जंत! औषधही दिलं. जंत नव्हते, मार्च एंड होता.

शंकासुर
१८९५ साली आयोवातल्या डेव्हनपोर्टला डी. डी. पामर यांनी पाठीचा मणका बसवून बहिऱ्या माणसाला ऐकू आणल्याचा दावा केला, तिथून ही विद्या सुरू झाली. मणक्याने कान बरा होतो म्हटल्यावर जबडा कशाला सुटेल?

ठाण्याची फिजिओ
शंकासुर, सुरुवात तशीच झाली, पण हाताने केलेल्या उपचारांना अगदीच हसू नका. २०२३ मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात जबड्याच्या जुनाट दुखण्यावर मार्गदर्शक सूचना आल्या. सांधा हळूहळू मोकळा करणं, स्नायूंच्या गाठी दाबणं आणि देखरेखीखाली व्यायाम, यांची त्यात ठाम शिफारस आहे. गार्डची शिफारस नाही, उलट सौम्य शब्दांत 'शक्यतो नको' म्हटलंय. हे फिजिओही करतात.

घरी एवढं करा: जिभेचं टोक 'न' म्हणताना टेकतं तिथे टाळूला लावा, ओठ मिटलेले, दात सुटे. जीभ तिथेच ठेवून तोंड जेवढं उघडेल तेवढंच उघडा. दिवसभरात दात एकमेकांवर टेकलेले दिसले की सोडा.

अमेरिकेत प्रत्येक राज्यात कायरोप्रॅक्टरला लायसन्स लागतं. आपल्याकडे डेंटल कौन्सिलसारखी त्यांची वेगळी नोंदणी नाही, तेव्हा पाटी वाचून आत शिरू नका, डिग्री विचारा. मानेला झटका नको असेल तर स्पष्ट सांगा. क्वचितच, पण झटक्याने मानेतली रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणं आहेत.

सांगलीचा
आमच्याकडे दाढीनंतर न्हावी फुकटात मान मोडतो की! वीस वर्षं मोडून घेतली. वरचं वाचून काल पहिल्यांदा 'नको' म्हणालो. तो रुसला.

धागा काढणारा
सगळ्यांचे आभार. गेलो एकदाचा. आत शिरतानाच सांगितलं, मानेला झटका नको. बाई हसल्या, म्हणाल्या, निम्मे लोक हेच सांगतात. चार खेपा झाल्या, खिशाला बरीच चाट बसली. जिभेचा व्यायाम सिग्नलला गाडी थांबली की करतो. गुण नेमका कशाने आला, देव जाणे. आज सकाळी तिसरं बोट घासत का होईना, आत गेलं. कट् मात्र आहेच. मी जांभई दिलेली बायकोला स्वयंपाकघरात कळते.