प्लास्टरमधला म्हातारा पाय आणि प्रोटीन पावडरचे डबे: उपयोग की नुसता खर्च?

खाडीपलीकडचा:
सरळ बोलतो, कोणाला राग आला तर येऊ दे. पावसात चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं, दरवर्षी वाडीतलं कोणीतरी म्हातारं माणूस घसरतं, घोट्याला प्लास्टर बसतं, आणि मग मुंबईहून जो येतो तो प्रोटीन पावडरचा डबा घेऊन. आमच्या आईच्या कपाटात गोडा मसाल्याच्या बरणीमागे तीन डबे आहेत, एक तर अजून सीलबंद. पाय हलत नसेल तर नुसतं प्रोटीन ओतून स्नायू टिकत नाही, हे माझं मत.
हवेत बोलत नाहीये. नेदरलँड्समधे मास्ट्रिख्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी हाच प्रयोग केला, २०१४ साली छापून आला. सत्तरीच्या आसपासचे २३ धडधाकट पुरुष, प्रत्येकाचा एक पाय ५ दिवस प्लास्टरमधे, काहींना रोज दोनदा साधारण २० ग्रॅम जादा प्रोटीन, बाकीच्यांना काही नाही. मांडीचा स्नायू दोन्ही गटांत दीड ते दोन टक्के झिजला, ताकद ८-९ टक्क्यांनी गेली. मग पैसे कशाला घालवायचे?

फिजिओ_रत्नांग्री:
दादा, प्रयोग बरोबर सांगितलात, अर्थ चुकीचा काढलात. ते डच पुरुष दूध-चीज-मांस खाणारे, त्यांचं पोट आधीच भरलेलं, त्यावर जादा देऊन फरक पडला नाही एवढंच त्यातून कळतं. आपल्याकडची आजी त्या गटात बसते का?
धरा तिचं वजन ५५ किलो. आयसीएमआर म्हणजे भारताच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या हिशोबाने किलोला ०.८३ ग्रॅम प्रोटीन, म्हणजे रोज ४६ ग्रॅमच्या आसपास. प्रॉट-एज नावाच्या तज्ज्ञ गटाने २०१३ मधे म्हाताऱ्या माणसांना १ ते १.२ सांगितलं, आजारपणात १.२ ते १.५, म्हणजे ६६ ते ८२ ग्रॅम. आता ताट बघा. सकाळी पेज-लोणचं, दुपारी भात, पातळ आमटी, मासळी असली तर तुकडा, रात्री ताकभात. तीस ग्रॅम झाले तर नशीब, त्यात पडून राहिलं की भूक मरते. ही बाई सुरुवातच खड्ड्यातून करतेय.
शिवाय म्हातारा स्नायू थोड्याथोडक्या प्रोटीनला दाद देत नाही, त्याला एका जेवणात २५-३० ग्रॅम लागतात. पेजेच्या वाडग्यात दोन-तीन सुद्धा नसतात.

खाडीपलीकडचा:
म्हणजे जेवण सुधारा म्हणताय ना, ते मला मान्यच आहे. विरोध डब्याला आहे. कुळीथ आहेत घरात, १०० ग्रॅमला २२ ग्रॅम प्रोटीन. सोडे, सुकट आहे. अंडी आहेत, एकात ६ ग्रॅम. हे सगळं सोडून दोन-अडीच हजाराचा डबा?

सून_नंबर_दोन:
कुळीथ २२ ग्रॅम कोरडे हो, पिठीत पीठ पडतं तीन चमचे, त्यात ५-६ ग्रॅम झाले तरी पुष्कळ. आणि सासूबाईंना वरचे दात नाहीत, त्यांना सोडे चावायला सांगता? जून-जुलै मासेमारी बंद, ताजी मासळी परवडत नाही, लगेच श्रावण, मग अंडं पण नाही. त्यांचं वेगळं मऊ जेवण तीन वेळा कोण करणार हे कोणी बोलतच नाही! दुधात दोन चमचे पावडर ढवळून दिली तर मला अर्धा तास मिळतो. पुरुषांनी ‘घरचं खायला घाला’ म्हणणं फार सोपं असतं.

मालवणी_माणूस:
माझ्या आवशीक पावडर दिली तर म्हणता, ‘ह्या काय चुन्याचा पाणी?’ सरळ परसात ओतता. फणसाक खत. पण पिठीत अंडा फोडून घातला तर गुपचूप खाता.

डायबेटिसवाले_काका:
सगळे ग्रॅम मोजताय, क्रिएटिनिनचं, म्हणजे किडनी कशी चालतेय ते सांगणाऱ्या रक्ततपासणीचं, कोण बघतंय? माझं वाढलंय, मला डॉक्टरांनी प्रोटीन आवरायला सांगितलंय. आणि सुकट-खारवलेला बांगडा म्हणजे मीठच, बीपीवाल्याने काय करायचं?

फिजिओ_रत्नांग्री:
काका, मुद्दा रास्त. किडनी बरीच खराब आहे आणि डायलिसिस चालू नाही, अशांना प्रॉट-एजच्या त्या शिफारशींतूनही वगळलंय. आधी रिपोर्ट, मग वाढवायचं. सुकट भिजवून पाणी दोनदा फेकलं तर मीठ उतरतं, तरी बीपीवाल्यांनी बेतानेच. सूनबाईंना दूध-पावडर सोयीची पडत असेल तर खुशाल द्या, पण पेजेच्या जागी नको, पेजेसोबत द्या.

खाडीपलीकडचा:
तरी माझा मूळ प्रश्न तसाच राहिला. पाय हललाच नाही तर? त्याच मास्ट्रिख्टवाल्यांनी तरुण मुलांच्या प्लास्टरमधल्या पायाला विजेचे हलके झटके देऊन स्नायू आवळायला लावला, तर ५ दिवसांत स्नायू झिजला नाही. प्रोटीनने जे झालं नाही ते आकुंचनाने झालं.

फिजिओ_रत्नांग्री:
पुढचं वाक्य गाळलंत. ताकद त्या मुलांची पण कमी झालीच. आणि ती तरुण मुलं होती. उलट २००७ चा अमेरिकेतला प्रयोग बघा, ६७ च्या आसपासची निरोगी माणसं १० दिवस अंथरुणावर, जेवणात प्रोटीन किलोला ०.८ च, पायांतलं जवळपास एक किलो मांस गेलं. दहा दिवसांत! प्लास्टर सहा आठवडे असतं.
हलवण्याबद्दल मात्र तुमच्याशी भांडण नाही. घोट्याचं प्लास्टर बहुतेक गुडघ्याखाली असतं, मांडी मोकळी असते, पण घरचे सगळा पायच उशीवर ठेवून देतात, देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखा. हाडाच्या डॉक्टरांना विचारून, पाय सरळ ठेवून गुडघा गादीत दाबायचा, मांडी घट्ट आवळायची, पाचपर्यंत मोजायचं, सोडायचं. दर जेवणाआधी दहा वेळा.

सून_नंबर_दोन:
हे हाताच्या प्लास्टरला कसं करायचं? आमच्या काकूंचं मनगट मोडलंय, बोटं सुजलीत म्हणून त्या हलवतच नाहीत.

फिजिओ_रत्नांग्री:
बोटं प्लास्टरबाहेर असतात ती हलवायलाच हवीत, मूठ मिटायची-उघडायची, खांदा कोपर पूर्ण फिरवायचे. हात खाली लोंबकळत ठेवू नका, सूज त्यानेच वाढते. बोटं निळी पडली, बधिर झाली किंवा दुखणं वाढतच चाललं तर थांबू नका, त्याच दिवशी दाखवा.