मदत हवी आहे : पिकअपमध्ये माल सरकतोय, अर्जंट

डाळिंबवाला
पहाटे ३ ला पुण्याला निघायचंय. मागच्या दोन खेपांत माल सरकून डागी झाला, दर पाडला. दोरी बांधूनही सरकतो. उपाय सांगा, थिअरी नको.

गॅरेजकाका
माल म्हणजे पोती, क्रेट की म्हैस? पुढे सरकतो की मागे?

डाळिंबवाला
नावावरून कळत नाही का काका? प्लास्टिकचे क्रेट, २० किलोचे, पाच-पाचची थप्पी. निघताना मागे, ब्रेक मारला की पुढे. दिवे घाटात तर केबिनवर आदळतात.

बसल्या_बसल्या
ड्रायव्हर बदला.

डाळिंबवाला
मीच चालवतो.

तात्या_ट्रकवाले
३० वर्षं गाडी चालवली. वजन कमी पडतंय. वर सिमेंटची चार पोती टाका, हलणार नाही.

तिरकस_पत्रा
तात्या, वजन दुप्पट केलं की घर्षण दुप्पट होतं, पण तो माल गाडीबरोबर थांबवायला बळही दुप्पट लागतं. म्हणजे होतो तिथेच. भरलेली गाडी शांत असते, कारण मालाला सरकायला जागाच नसते.

तात्या_ट्रकवाले
पुस्तकातली गाडी कधी पंक्चर होत नाही.

गॅरेजकाका
हौदा पूर्ण भरता का? खाली काय अंथरता?

डाळिंबवाला
४० क्रेट असतात, मागे तीन फूट मोकळं. खाली काही नाही, पत्राच. दसऱ्याला ऑइलपेंट मारलाय, चकाचक.

गॅरेजकाका
अरे देवा! आणि हे आत्ता सांगताय?

बसल्या_बसल्या
गाडीत हेलियमचा फुगा असला तर ब्रेक लावल्यावर तो मागे जातो. करून बघा.

तिरकस_पत्रा
फुगा राहू द्या. डाळिंबवाले, तोच रंग मारलेला सुटा पत्रा असेल तर त्यावर भरलेला क्रेट ठेवा, एक टोक हळूहळू उचला. किती उंचीला घसरतो?

डाळिंबवाला
तीन फुटी तुकडा होता. सात इंचाला घसरला. खाली गोणपाट टाकून बघितलं तर पंधरा इंच.

तिरकस_पत्रा
म्हणजे नुसत्या पत्र्यावर घर्षणांक (पकड किती ते सांगणारा आकडा) ७ भागिले ३६ इंच, ०.२ च्या आसपास. ताशी ४० वरून पाच सेकंदांत थांबलात तरी क्रेट सुटणार, आणि हे काही जोराचं ब्रेकिंग नव्हे. उतारावर आणखी लवकर. गतिरोधकावर गाडी उसळली की क्षणभर पकडच जाते. गोणपाटाने दुपटीहून जास्त फरक पडेल, पण मग थप्पी सरकायच्या आधी कलंडेल. क्रेटची कुठली बाजू गाडीच्या लांबीला आहे?

डाळिंबवाला
आखूड. ४० सेंमी.

तिरकस_पत्रा
आणि थप्पी दीड मीटर उंच! लांब बाजू गाडीच्या लांबीला करा. केबिनला टेकवून लावा, मागच्या मोकळ्या जागेत फाळक्यापर्यंत रिकामे क्रेट ठासा. दोरी नुसती अडकवू नका, वरून ताणा. तात्यांचं निम्मं बरोबर आहे : खाली दाब हवाच, पण तो दोरीचा. दोरीने दाब वाढतो, थांबवायचं वजन वाढत नाही.

तात्या_ट्रकवाले
हेच म्हणत होतो मी. रॅचेट पट्टा (खटक्याने आवळायचा) घ्या, दोरी तासाभरात सैल पडते. सासवडला थांबून पुन्हा आवळा.

नवा_सभासद_७
भगवा जातीचं डाळिंब आहे का? सध्या किलोला काय दर मिळतो? आमच्याकडे २०० झाडं आहेत, त्यावर तेल्या रोग...

डाळिंबवाला
दराचं नाव काढू नका. काका, रंग खरवडू का?

गॅरेजकाका
आत्ता रात्री? गोणपाट टाका आणि झोपा थोडं.