इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक: स्विच गेलाय की मॉड्यूल, नक्की कसं ठरवायचं?

घाटरस्ता_७७

मंडळी, २०२० ची ऑटोमॅटिक एसयूव्ही आहे, मागच्या दोन्ही कॅलिपरवर (ब्रेक पॅड डिस्कवर दाबणारा भाग) मोटर. स्विच गिअर सिलेक्टरशेजारी: वर ओढला की ब्रेक लागतो, खाली दाबला की सुटतो. आता वर ओढल्यावर कधी लगेच लागतो, कधी दोन-तीनदा ओढावा लागतो, आणि पिवळा दिवा येऊन ‘पार्किंग ब्रेक तपासा’ असा संदेश दिसतो. सोडताना मात्र कधी अडत नाही. इग्निशन बंद केल्यावर आपोआप लागणारा ब्रेकही दरवेळी व्यवस्थित लागतो.

स्कॅनरवर स्विचचा कोड आहे, शेवटचे दोन आकडे ६४. बॅटरी उभ्या गाडीत १२.५ व्होल्ट. गॅरेजवाले म्हणतात स्विच आणि मॉड्यूल दोन्ही बदला, आणि या गाडीत मॉड्यूल (पार्किंग ब्रेकच्या मोटर चालवणारा कंट्रोलर) म्हणजे एबीएसचं अख्खं युनिट. मल्टिमीटर आहे, दोन चॅनेलचा जुना स्कोप (सिग्नलचा आलेख दाखवणारं यंत्र) आहे, वायरिंग डायग्रॅमही मिळवलाय. कुठल्या क्रमाने तपासू?

ब्रेकशू_नाशिक

निम्मं निदान तुमच्या प्रश्नातच आहे. इग्निशन बंद केल्यावर ब्रेक आपोआप लागतो, म्हणजे मॉड्यूल, मोटरचा फ्यूज, मागपर्यंतची वायर, मोटर आणि कॅलिपर हे सगळं काम करतंय. त्या वेळी फक्त एका गोष्टीचा उपयोग होत नाही, ती म्हणजे स्विच. तरी खात्रीसाठी स्कॅनरमधून अ‍ॅक्च्युएटर टेस्ट घ्या, डावी-उजवी मोटर वेगवेगळी चालवून बघा. तिथे दोन्ही बाजू सारख्या चालल्या तर एबीएस युनिटचं नाव काढायचं कारण नाही. एकच गोष्ट शिल्लक राहते: मॉड्यूलमधला स्विच वाचणारा भाग. तो तपासायचा, पण सगळ्यात शेवटी.

कोडचे शेवटचे दोन आकडे नीट वाचा, बरेच जण फक्त पुढचा भाग बघतात. ११ म्हणजे वायर अर्थला टेकली, १२ म्हणजे बॅटरीच्या प्लसला टेकली, १३ म्हणजे सर्किट तुटलं. तुमचा ६४ वेगळा आहे: सिग्नल येतोय पण पटण्यासारखा नाही. एक संपर्क म्हणतोय ‘ओढलं’, दुसरा म्हणतोय ‘कुणी हात लावलेला नाही’. ९६ असता तर तो त्या भागाच्या आतल्या बिघाडाचा कोड, आणि विचार वेगळा करावा लागला असता.

हे दुहेरी संपर्क मुद्दाम दिलेले असतात. आर १३-एच या संयुक्त राष्ट्रांच्या ब्रेकच्या नियमावलीत पार्किंग ब्रेकने भरलेली गाडी २० टक्के चढ-उतारावर धरली पाहिजे असं आहे. शिवाय कंट्रोलमध्ये विजेचा बिघाड झाला किंवा वायर तुटली तरी ड्रायव्हरला सीटवरून ब्रेक लावता आला पाहिजे आणि ८ टक्के चढ-उतारावर भरलेली गाडी धरून राहिली पाहिजे. म्हणून एकाच संपर्कावर कुणी भरवसा ठेवत नाही. बऱ्याच गाड्यांत स्विचला चार सिग्नल वायर असतात आणि हात न लावलेल्या स्थितीतही त्यातले काही संपर्क जोडलेले असतात, म्हणजे वायर तुटली तर स्विच न दाबताच मॉड्यूलला कळतं.

ओहम_सांगली

ब्रेकशू यांचं बरोबर आहे, पण कन्सोल उघडण्याआधी स्कॅनरवर लाइव्ह डेटा (त्या क्षणी मॉड्यूलला मिळणारे सिग्नल) बघा. त्यात स्विचची स्थिती दिसते, चांगल्या स्कॅनरवर प्रत्येक वायरची स्थिती वेगळी दिसते. ग्राफ लावून स्विच हळूहळू ओढा आणि अर्ध्यात धरून ठेवा. चांगल्या स्विचमध्ये दोन्ही सिग्नल जवळजवळ एकदम पलटतात. एक पलटून दुसरा मागे राहिला किंवा थरथरला, तर बिघाड स्विचमध्ये किंवा त्याच्या कनेक्टरमध्ये.

स्विचमधला दिवा लागतो म्हणून स्विच चांगला, असं धरू नका. दिव्याचं सर्किट वेगळं असतं.

आता मोजमाप. सपाट जागा, सिलेक्टर ‘पी’वर, चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे. कन्सोलखाली बहुतेक गाड्यांत एअरबॅगचं मॉड्यूल असतं, म्हणून इग्निशन बंद करून बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि काही मिनिटं थांबा. कनेक्टर चुकून इग्निशन चालू असताना ओढला तर एअरबॅगचे नको ते कोड गोळा होतात.

स्विच सुटा करून मल्टिमीटर आधी २०० ओहमवर. दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून किती दिसतं ते लिहून ठेवा, ते प्रत्येक मोजमापातून वजा करायचं. मग डायग्रॅमप्रमाणे प्रत्येक जोडी तिन्ही स्थितींत मोजा: मोकळा, ओढलेला, दाबलेला. जोडलेला संपर्क एक-दोन ओहमच्या आत आणि स्थिर हवा. आकडा नाचत असेल तर संपर्क खराब, मग सरासरी कितीही कमी येवो. ओढलेल्या स्थितीत स्विच डावीकडे, उजवीकडे किंचित ढकलून बघा, खरा दोष बहुधा तिथेच सापडतो. काही स्विचच्या आत डायोड असतात. तिथे ओहममध्ये एका दिशेने काहीच दिसणार नाही आणि उगाच घाबरायला होतं. मीटर डायोडच्या खुणेवर ठेवून एका दिशेने साधारण ०.५ ते ०.७ व्होल्ट आणि उलट दिशेने ‘ओपन’ (जोडच नाही) आलं की डायोड ठीक.

एक काम करू नका: सिग्नलच्या वायरवर टेस्ट लॅम्प लावू नका. त्या वायरींत काही मिलिअँपिअरच करंट असतो. दिव्याने मॉड्यूलचा इनपुट खेचला जाईल, आणि चांगलं युनिट हकनाक जाईल.

घाटरस्ता_७७

सगळं केलं. अ‍ॅक्च्युएटर टेस्टमध्ये डावी-उजवी दोन्ही नीट लागतात, सुटतात. ग्राफवर स्विच हळू ओढल्यावर एक सिग्नल लगेच पलटतो, दुसरा मागे राहतो आणि मध्येच सुटतो. स्विच बाहेर काढून मोजलं: ओढलेल्या स्थितीत पहिली जोडी ०.८ ओहमवर स्थिर. दुसरी जोडी २ ओहमपासून ४० पर्यंत नाचते, आणि स्विच डावीकडे ढकलला की ओपन. दाबलेल्या आणि मोकळ्या स्थितीत सगळं ठीक. कनेक्टरच्या एका पिनवर हलका हिरवा थर आहे. मग स्विचच ना? आणि हिरव्या पिनचं काय करायचं?

ओहम_सांगली

स्विचच, यात शंका नाही. पहिला संपर्क ‘ओढलं’ सांगतो, दुसरा गप्प राहतो, म्हणून ६४. दुसरा संपर्क जुळला तर ब्रेक लागतो, नाही जुळला तर तुम्हाला परत ओढावा लागतो. दाबायच्या बाजूचे संपर्क शाबूत आहेत, म्हणून सोडताना अडत नाही.

असं का होतं तेही सांगतो, कारण पुढचा स्विच टिकणं त्यावर आहे. मोठा करंट जाणाऱ्या संपर्कात बारीक ठिणगी पडते आणि वरचा थर जळून जातो. इथे करंट इतका कमी की संपर्क स्वतःहून साफ होतच नाही. चहा, कोल्ड्रिंक, पावसात भिजलेल्या बाटलीचं पाणी, धूळ, आणि डॅशबोर्ड चमकवायचा सिलिकॉन स्प्रे, जे काही फटीतून आत गेलं ते तिथेच साचून राहतं. स्प्रे कन्सोलवर थेट मारायचाच नाही, कापडावर घेऊन पुसायचा.

कॉन्टॅक्ट क्लीनर स्विचमध्ये मारला की काही दिवस बरं वाटतं. पण घासलेला संपर्क त्याने भरून येत नाही, आणि हा ब्रेक आहे. नवीन घ्या. गंज सोडवणारं तेल तर आत अजिबात नको, त्याच्या थरावर धूळ चिकटते.

हिरव्या पिनवर मात्र क्लीनर चालेल, प्लास्टिकला चालणारा आणि पूर्ण उडून जाणारा घ्या. बॅटरी सुटलेलीच आहे, मारा, मऊ नायलॉन ब्रशने घासा, पूर्ण वाळू द्या. मग हार्नेसच्या (वायरींच्या जुडग्याच्या) बाजूची मादी पिन सैल आहे का बघा: त्याच मापाची नवीन नर पिन आत सरकवून बाहेर ओढा, प्रत्येक पिनला सारखाच हलका विरोध जाणवला पाहिजे. सैल असेल तर पिन बदला. चिमट्याने दाबलेली पिन काही महिन्यांत पुन्हा सैल होते. आणि ओल आली कुठून ते शोधा, कप होल्डरखाली कनेक्टर असेल तर उत्तर मिळालंच.

ब्रेकशू_नाशिक

नवीन स्विच लावण्याआधी मॉड्यूलच्या बाजूचीही खात्री करून घ्या, म्हणजे मनात शंका राहणार नाही. कनेक्टर परत जोडा, कन्सोलमध्ये कनेक्टर तरंगत राहिलेला नाही ना बघा, मग बॅटरी लावून इग्निशन चालू करा. मागच्या बाजूने पातळ पिन सरकवा, वायरचं आवरण टोचू नका, पुढे तिथूनच पाणी शिरतं. अनेक मॉड्यूल या वायरींवर सतत बारीक पल्स पाठवतात, म्हणून मल्टिमीटर सरासरी दाखवतो: ४ व्होल्ट, ६ व्होल्ट, काहीही. त्या आकड्यावरून निष्कर्ष काढू नका. स्कोपचे दोन्ही चॅनेल लावा, ५ व्होल्ट प्रति डिव्हिजन, २० मिलिसेकंद, आणि पल्स दिसेपर्यंत वेळ कमी-जास्त करा. मोकळ्या स्थितीत पल्स स्वच्छ आणि पूर्ण उंचीचे असले, तर मॉड्यूल आणि वायर दोन्ही निर्दोष.

पसाटवाला

मध्येच विचारतो, फोक्सवॅगन पसाट बी ६ ला हीच पद्धत चालेल का?

ब्रेकशू_नाशिक

तत्त्व तेच, मांडणी वेगळी. तिथे पार्किंग ब्रेकचं मॉड्यूल एबीएसपासून स्वतंत्र आहे, स्कॅनरवर पत्ता ५३. बटण डॅशबोर्डवर आहे आणि ते फक्त दाबायचं: दाबलं की लागतो, ब्रेकवर पाय ठेवून पुन्हा दाबलं की सुटतो. ब्रेक पॅड बदलायला बेसिक सेटिंग्जमध्ये गट ००७ ने पिस्टन मागे घ्यायचा, ००६ ने परत आणायचा, ०१० ने चाचणी. मोटरपासून स्पिंडलपर्यंत (पिस्टन ढकलणारा स्क्रू) गिअरची एकूण घट १५० पट आहे, त्यामुळे पिस्टन क्लॅम्पने दाबून मागे ढकलायचा प्रयत्न केलात तर आतलं काहीतरी मोडेल.

लेन_कटिंग_नको

एक भर, इतर वाचणाऱ्यांसाठी. ब्रेक *सुटत* नसेल तर स्विचवर संशय घेण्याआधी ब्रेक पॅडलचा स्विच बघा. पॅडल दाबल्याचा सिग्नल आला नाही तर मॉड्यूल ब्रेक सोडतच नाही आणि दोष पार्किंग ब्रेकच्या स्विचचा वाटतो. मागचे लाल दिवे लागतात एवढ्यावर थांबू नका, त्या स्विचमध्येही बहुधा दोन संपर्क असतात आणि दिवे एकावरच चालतात. लाइव्ह डेटात दोन्ही पलटताना दिसले पाहिजेत.

आणि तक्रार एकाच चाकाची असेल तर स्विच सोडाच, त्या बाजूच्या मोटरचा फ्यूज, मागचा कनेक्टर, अर्थ बघा. मोटर चालू असताना अर्थच्या वायरवर ०.१ ते ०.२ व्होल्टपेक्षा जास्त ड्रॉप (वायरच्या दोन टोकांमधला व्होल्टेजचा फरक) नको. तपासायला म्हणून कॅलिपरवरच्या मोटरला बॅटरीतून थेट १२ व्होल्ट देऊ नका. मॉड्यूल करंट मोजून मोटर योग्य वेळी थांबवतं. थेट दिल्यावर थांबवणारं कुणी नसतं, आणि गिअर किंवा स्पिंडल जातो.

घाटरस्ता_७७

स्कोपवर मोकळ्या स्थितीत दोन्ही वायरींवर पल्स स्वच्छ. पिन साफ केली, पकड इतरांसारखीच आहे. स्विच मागवतो. लावल्यावर कोडिंग (स्कॅनरवरून मॉड्यूलला नव्या स्विचची ओळख करून देणं) लागेल का?

ओहम_सांगली

साध्या संपर्कांच्या स्विचला सहसा लागत नाही, पण तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये एकदा बघून घ्या. पार्ट नंबर शेवटच्या अक्षरासकट जुळवा. दिसायला सारख्या स्विचमध्ये आतल्या डायोडची मांडणी वेगळी असू शकते. लावण्याआधी नवा स्विचही तिन्ही स्थितींत मोजा. मग सगळं जोडून, बॅटरी लावून, कोड पुसून, इंजिन चालू ठेवून ब्रेक काही वेळा लावा-सोडा. बॅटरी काढल्यामुळे काही गाड्यांना त्याशिवाय मोटरची स्थिती पुन्हा कळत नाही. नंतर ग्राफवर तोच हळू ओढायचा प्रयोग, दोन्ही सिग्नल एकदम पलटले पाहिजेत. शेवटी हलक्या उतारावर, सिलेक्टर ‘एन’वर, पाय ब्रेक पॅडलच्या अगदी वर ठेवून गाडी धरून राहते का बघा. चाकांचे ठोकळे त्याआधी काढायचे लक्षात ठेवा, नाहीतर चाचणी ठोकळ्यांचीच होईल.