पायरोग्राफीच्या निबवरचा काळा थर : सँडपेपर नको

ताई, तुम्ही म्हणताय की पायरोग्राफीच्या (तापलेल्या पेनने लाकूड जाळून चित्र काढायच्या) पेनाची निब काळी पडली की १२० नंबरचा सँडपेपर घासता, पण प्लीज तसं करू नका, तारेची निब मुळात पातळ नायक्रोमची (निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूची) असते, ती झिजते आणि वर ओरखडे पडले की त्यातच कार्बन आणखी घट्ट बसतो, मग रेघ ओढताना पेन अडकायला लागतं. मी ही चूक करून दोन निबा घालवल्यात.

आता मी इथे इंदूरला राजवाड्याजवळ बसणाऱ्या मोचीकाकांकडून चामड्याचा एक तुकडा आणलाय, तो खरखरीत बाजू वर ठेवून फळीवर चिकटवला आणि त्यावर बफिंगची (धातू घासून चकाकवायची) हिरवी वडी घासून ठेवली. मशीन बंद करून निब पूर्ण गार झाली की आडवी धरून फक्त आपल्याकडे ओढायची, पुढे ढकलायची नाही, नाहीतर धार चामड्यात रुतते. पाच-सहा वेळा ओढलं की चामड्यावर काळे पट्टे उमटतात आणि निब चकचकीत होते.

आणि हो, चीडाच्या लाकडात राळ असते म्हणून थर लवकर धरतो, तिथे हीट थोडी कमीच ठेवा. पितळी स्क्रूवाली निब गरम असताना पकडीने पिळू नका हं, आटे जातात.