बेडफर्ड स्क्वेअर: ऑफिसांनी वाचवला की पोखरला?

पायरीवरचा (धागाकर्ता):
लंडनला ब्लूम्सबरीत, बेडफर्ड स्क्वेअरवर आमचं ऑफिस आहे. १७७५ ते १७८३ च्या दरम्यान बांधलेली, भिंतीला भिंत लावून उभी असलेली घरं. आपण रो हाऊस म्हणतो तेच, फक्त जवळजवळ अडीचशे वर्षं जुनं. चौकाची एकेक बाजू म्हणजे एकच महाल वाटावा अशी मांडणी आहे: मधल्या घराला गिलावा आणि वर त्रिकोणी शिखर, बाकीच्यांना साधी वीट. दारांच्या कमानींवर कोड स्टोनचे चेहरे. नावाला स्टोन, प्रत्यक्षात भट्टीत भाजलेली माती. म्हणून तर नाकडोळे अजून शाबूत.

ही घरं टिकली ती ऑफिसांमुळे, असं माझं मत. तळघरात स्वयंपाक, माळ्यावर नोकर, चार जिने चढून पाणी न्यायचं, असा संसार आता कोण मांडणार? भाडं येतं म्हणून छप्पर गळत नाही.

वीटभट्टी:
सगळं बाहेरचंच सांगितलंत. पहिल्या मजल्याच्या खिडक्या सगळ्यात उंच का? कारण पाहुण्यांचा दिवाणखाना तिथे. वर जाल तशा खिडक्या बुटक्या होत जातात. घरातला मानपान रस्त्यावरून वाचता येतो. आता त्या दिवाणखान्यात मीटिंग रूम, छताच्या नक्षीखाली केबलचा ट्रे, जिन्याच्या तोंडाशी फायर डोअर. शेजारच्या घराची सामायिक भिंत फोडून आरपार रस्ता काढला की घर संपलं, उरला तो दर्शनी पडदा. आणि रात्री तिथून चालत जा एकदा. सगळ्या खिडक्या काळोखात.

पायरीवरचा:
भिंत अशी सहज फोडता येत नाही हो. घरं ग्रेड वन, म्हणजे संरक्षित वारसा इमारतींच्या सगळ्यात वरच्या यादीत आहेत, आतल्या बदलालाही परवानगी लागते. आमच्या एसीची नळी कुठून न्यायची यावर ८ महिने पत्रव्यवहार चालला. शेवटी बंद धुरांड्यातून नेली.

वीटभट्टी:
आणि यादी होण्याआधी जे फोडलं ते?

लिफीकाठी:
डब्लिनचं उदाहरण देतो. लोअर फिट्झविल्यम स्ट्रीटवरची १६ जॉर्जियन (बेडफर्ड स्क्वेअरच्याच शैलीतली) घरं तिथल्या वीज मंडळाने १९६० च्या दशकात पाडली आणि मोठं ऑफिस बांधलं. लोकांनी आरडाओरडा केला, उपयोग शून्य. गंमत अशी की मंडळ आधी त्याच घरांमध्ये ऑफिस थाटून होतं! माणसं वाढली, घरं पुरेनात, मग घरंच नकोशी झाली. नंतर ते नवं ऑफिसही पाडून टाकलं. तेव्हा 'ऑफिस आलं म्हणजे घर वाचलं' हे मला पटत नाही.

तुळईवाला:
मी इंजिनिअर, त्यामुळे माझं लक्ष जमिनीकडे. या घरांच्या मजल्यांना लाकडी तुळया असतात, बिऱ्हाडाच्या वजनाच्या हिशेबाने घातलेल्या. फायलींची लोखंडी कपाटं ओळीने लावली की तुळई वाकते. लॅपटॉप आले आणि या घरांचा जीव भांड्यात पडला. खोलीत चारपाच माणसं बसणारं वकिलाचं, आर्किटेक्टचं ऑफिस इथे शोभतं. आर्किटेक्चरल असोसिएशनची शाळा १९१७ पासून याच चौकात आहे. दोनशे माणसांचं कॉल सेंटर मात्र नको.

उत्तरलंडनकर:
आपल्या जिव्हाळ्याचं सांगते. किंग हेन्रीज रोडवरचं १० नंबरचं घर, जिथे बाबासाहेब १९२१-२२ मध्ये राहिले, ते महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये घेतलं. संग्रहालय म्हणून वापरायला तिथल्या पालिकेने, कॅम्डेन कौन्सिलने, नकार दिला. एक राहतं घर कमी होतं, हा मुद्दा. मार्च २०२० मध्ये ब्रिटिश सरकारकडून परवानगी आली. तेव्हा 'घर ते घरच राहू दे' म्हणणाऱ्यांपैकी किती जण आपल्यातले होते?

वीटभट्टी:
स्मारकात आणि भाड्याच्या ऑफिसात फरक आहे, ताई. तिथे माणूस खोल्या बघायलाच येतो.
बरं, पायरीवरचे, ती एसीची नळी उद्या काढायची झाली तर निघेल का?

पायरीवरचा:
निघेल. चार स्क्रू आहेत. धुरांड्याला हातसुद्धा लावलेला नाही.

वीटभट्टी:
मग त्या नळीपुरता माझा विरोध मागे. फायर डोअरचं सांगा.